टेकडीवरची बाग आणि रविवारची सुट्टी



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो महागाई, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. माझा विषय कळला तेव्हा चालकांपैकी एकांनी फोन करून विचारले, "अहो, बागेवर बोलणार म्हणता, ते खरे का?" मी म्हटले, "खरे आहे. बागेवरच बोलणार आहे. पण बाग पाहायला माणसाला वेळ कोठून मिळतो, हेही सांगणार आहे." त्यांनी उदारपणे मान्यता दिली, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

हा विषय सुचण्याचे कारण सांगतो. आपल्या भागातील खते-बियाण्यांच्या दुकानदारांना हल्ली कंपन्या थायलंडच्या सहलीला नेतात. ठरलेला माल खपवला की विमानाचे तिकीट मिळते. अशा सहलीहून परत आलेल्या माझ्या एका स्नेह्याने मला तिकडचे फोटो दाखवले. समुद्रकाठी वसलेले फुकेत शहर, शहराच्या डोक्यावर खाओ रांग नावाची टेकडी, टेकडीवर बाग, बसायला ओटे, आणि खाली घरांची छपरे व त्यांपलीकडे निळे पाणी. फोटो फार सुरेख होते. स्नेही म्हणाले, "असे आपल्याकडे काही नाही हो!" मी म्हटले, "आहे. आणि तिथे जायला विमान लागत नाही. लातूरहून रात्रीची गाडी लागते आणि पुढे बेस्टची बस लागते."

मुंबईतील मलबार टेकडी हे ते ठिकाण. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. शाळेच्या सहलीत 'म्हातारीचा बूट' म्हणून जे दाखवतात, तेच. पण सहलीत आपण बुटात चढतो, खिडकीतून हात हलवतो, भेळ खातो आणि परत बसमध्ये बसतो. त्या टेकडीकडे नीट पाहायचे राहून जाते. आज आपण तिथे थोडे सावकाश जाऊ.

गिरगाव चौपाटीवर उभे राहिले की डाव्या हाताला मरीन ड्राइव्हचा बाक दिसतो आणि उजव्या हाताला झाडीने भरलेली टेकडी समुद्रात शिरलेली दिसते. तिच्या शेवटच्या टोकाला राज्यपालांचे निवासस्थान आहे. अलीकडे वाळकेश्वराचे देऊळ आणि बाणगंगेचा तलाव. गिरगावच्या बाजूने वर जाणाऱ्या एका जुन्या रस्त्याला 'सिरी रोड' म्हणतात. वाळकेश्वराच्या दर्शनाला जाणारे लोक पूर्वी या अंगाने पायऱ्यांनी चढत आणि 'शिडी'चे इंग्रजी तोंडात 'सिरी' झाले, अशी त्या नावाची हकीकत सांगतात. साहेब आपल्या शिडीचे काय करील याचा नेम नसतो!

वर पोचलात की रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बागा आहेत. एक फिरोजशहा मेहता उद्यान. लोक तिला हँगिंग गार्डन म्हणतात. दुसरी कमला नेहरू पार्क, ती १९५२ साली झाली. बूट आहे तो या दुसऱ्या बागेत. एका इंग्रजी बालगीतात एक म्हातारी पुष्कळ पोरांसह बुटात राहते, त्यावरून तो केला आहे. आमचे एक जुने गिरणी कामगार तो बूट पाहून म्हणाले होते, "म्हातारीची जागा आमच्या खोलीपेक्षा बरी दिसते." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन कुटुंबे आणि वर गाववाले अशी परळ-लालबागची रीत होती. त्या इंग्रज म्हातारीची गोष्ट गिरणगावाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हँगिंग गार्डन म्हणजे लोंबकळती बाग. आमच्या गावाकडचा माणूस तिथे गेला की प्रथम विचारतो, "लोंबकळतंय काय?" लोंबकळत काही नाही. या बागेखाली काय आहे, हे मात्र पाहणाऱ्याला सहसा माहीत नसते. खाली पाण्याची प्रचंड टाकी आहे. १८८० च्या दशकात ती बांधली गेली आणि तिच्या छतावर माती पसरून ही बाग केली. टाकीत सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. छत का घातले याची एक गोष्ट सांगतात. पारशी समाजाचा शांतिमनोरा जवळच आहे आणि तेथील गिधाडांमुळे उघडे पाणी दूषित होईल अशी धास्ती होती, म्हणून टाकी झाकली. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे हे शहाणपणाचेच.

टाकी टेकडीवरच का बांधली, हे माकणीच्या माणसांना समजावायला नको. तुमच्या शिवारात निम्न तेरणाचे धरण आहे. पाणी उंचावर साठवले म्हणजे खाली जायला त्याला कुणी ढकलावे लागत नाही. मुंबईने शहराबाहेर तलाव बांधले. विहार १८६० साली पुरे झाले, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली. तिकडून नळाने आलेले पाणी टेकडीवरच्या टाकीत भरायचे आणि ते स्वतःच्या वजनाने खालच्या वस्तीत उतरायचे. गिरगाव, ग्रँट रोड या भागांतल्या नळाला येणारे पाणी या बागेखालून जाते. म्हणून या बागेत मध्यावर वडपिंपळासारखी झाडे नाहीत. हिरवळ आहे, फुलांचे ताटवे आहेत आणि कुंपणाची झुडपे कातरून केलेले हत्ती, जिराफ असे प्राणी आहेत. मुळे खोल गेली तर छताला धोका, हा त्याचा हिशेब.

आता पलीकडच्या बागेच्या कठड्याशी या. सूर्य मावळला आहे. सुमारे ५० मीटर खाली चौपाटीची वाळू आणि माणसांची गर्दी. तिथून निघून मरीन ड्राइव्हचे दिवे अर्धवर्तुळात लागत जातात. त्याला राणीचा रत्नहार म्हणण्याची पद्धत आहे. हा देखावा सुंदर आहे आणि मी तो सुंदर आहे असेच म्हणेन. कामगार चळवळीतल्या माणसाने सुंदर वस्तूकडे पाहून नाक मुरडावे, या मताचा मी नाही. पण त्या कठड्याशी उभे राहिले की माझ्या डोळ्यांना आणखी दोन गोष्टी दिसतात. त्याच वाळूवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. आणि त्याच लोकमान्यांना १९०८ च्या जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या. राणीचा हार आपण पाहावा, पण हाराच्या एका टोकाला प्रजेची आठवण आहे, तीही पाहावी.

मित्रहो, येथे मी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. १८८० च्या दशकात ही बाग झाली, तेव्हा मुंबईत हजारो माणसे गिरण्यांत राबत होती. त्यांतली पुष्कळशी घाटावरची आणि कोकणातली होती. बाग सर्वांसाठी होती. मग त्या माणसांपैकी किती जण त्या बागेत गेले असतील?

आकडा माझ्याजवळ नाही, पण हिशेब मांडता येतो. त्या काळी गिरणीचा भोंगा सूर्य उगवताना व्हायचा आणि काम सूर्य मावळताना सुटायचे. उन्हाळ्यात हे तेरा-चौदा तास होत. आठवड्याची सुट्टी नव्हती. सणाची सुट्टी किंवा यंत्रे साफ करण्याचा दिवस, त्यातही अर्धा दिवस हजर राहायचे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता होता. सात वर्षांच्या आतील मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असे त्यात होते. यावरून त्यापूर्वी काय चालत होते हे समजते! मोठ्या माणसाला त्या कायद्याने कामाच्या तासांत काहीच सूट दिली नाही. परळहून मलबार टेकडी पायी तासा-दीड तासाची वाट आहे. पण ज्याला उजेडात एकही तास आपला नाही, त्याला ती टेकडी फुकेतइतकीच दूर.

ही वाट जवळ करणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांचा अनुयायी, सत्यशोधक. काही काळ एका गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी आतून पाहिलेले. पुढे 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी चालवले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवले. त्यात मागण्या कोणत्या? दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. पहिली मागणी पगारवाढीची नाही, हे लक्षात घ्या. पहिली मागणी आहे एका दिवसाची.

रविवारच का मागितला? रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या माणसांना देवाला जायला तो दिवस मोकळा हवा, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला, असे सांगतात. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला जाणाऱ्या तुम्हा मंडळींना त्यातली खुबी लगेच कळेल. साहेबाला रविवारी चर्च, आपल्याला खंडोबा. दोघांचा वार एक निघाला. ज्या माणसाने हे ओळखले त्याला पुढारी म्हणायचे.

सहा वर्षे हे चालले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १८९० सालची गोष्ट आहे ही! पुढे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या साथीत लोकांची सेवा करता करता लोखंडे त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्या आत. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. तिथे आठवड्यातून एकदा जो लाल आकडा दिसतो, त्याच्यामागे हा माणूस उभा आहे.

तेव्हा मलबार टेकडीवरची बाग महापालिकेने १८८० च्या दशकात बांधली, पण कामगाराला ती १८९० नंतर मिळाली, असे मी म्हणतो. बागेला फाटक असते आणि ते उघडे असते. आत जायला किल्ली लागत नाही, मोकळा दिवस लागतो.

मुंबईत अशीच दुसरी एक बाग आहे, तिच्याकडे मात्र सहली जात नाहीत. हार्बर रेल्वेच्या डॉकयार्ड रोड स्टेशनच्या माथ्यावर माझगावची टेकडी आहे. तिथेही भंडारवाडा नावाची पाण्याची टाकी आहे आणि टाकीवर बाग आहे. तिचे नाव जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. लोकमान्यांचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी, पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि ती उभी करण्यात काका बाप्टिस्टांचा मोठा वाटा होता. त्या बागेतून रत्नहार दिसत नाही. दिसतात त्या गोदीच्या क्रेन, जहाजे, वखारी आणि खाली येणारी-जाणारी लोकल. मलबार टेकडीवरून मुंबईची श्रीमंती दिसते आणि माझगावच्या टेकडीवरून ती श्रीमंती उतरवून घेणारे हात दिसतात. मुंबईला गेलात तर दोन्ही टेकड्या पाहा. एकीवर जाऊन दुसरी टाळली तर मुंबई अर्धी पाहिली असे समजा.

ही गोष्ट आपल्याच देशापुरती आहे असे नाही. इंग्लंडात गिरण्यांच्या धुराने शहरे काळी झाली, तेव्हा १८४७ साली लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावी लोकांच्या पैशातून सर्वांसाठी बाग झाली. आणि ज्या फुकेतपासून मी सुरुवात केली, ते शहर कथलाच्या खाणींवर वाढले. त्या खाणी खणायला चिनी मजूर गलबते भरभरून आले होते. आज तिथल्या टेकडीवर उभा राहणारा पाहुणा समुद्र पाहतो. खालची जुनी पेठ ज्या खाणींच्या पैशातून उभी राहिली, त्या खणणारे मजूर त्याला दिसत नाहीत. जगातल्या पुष्कळशा सुंदर देखाव्यांच्या पायथ्याशी असा कोणी तरी घाम गाळलेला असतो.

आता आजच्या काळाकडे येतो. आमची संघटना असंघटितांची आहे. बांधकामावरचे गवंडी, बिगारी, वॉचमन, कंत्राटी सफाई कामगार. माझे स्वतःचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने आणि या माणसांनी दिले. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की वर्षातून एका रविवारी सभासदांना बायकामुलांसह मलबार टेकडीवर न्यायचे. मोर्चा नाही, घोषणा नाही, फक्त बाग पाहायची.

पहिल्या वर्षी दीडशे नावे आली आणि प्रत्यक्ष आली एकेचाळीस माणसे. बाकीच्यांची चौकशी केली. बहुतेकांना रविवारी सुट्टीच नव्हती. वॉचमनची बारा तासांची पाळी, आणि बदली माणूस मिळाला नाही की तीच पाळी चोवीस तासांची. घरकाम करणाऱ्या बायांना तर रविवारी दुप्पट काम, कारण त्या दिवशी मालकांकडे पाहुणे. आलेल्यांत उमरगा तालुक्यातला एक गवंडी होता. अकरा वर्षे मुंबईत होता. वीस-वीस मजल्यांच्या इमारतींवर त्याने प्लास्टर केले होते. कठड्याशी उभा राहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, उंचावर तर म्या रोजच असतो. पर तिथं तोंड भिंतीकडं असतंय."

हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. उंचीवर चढणे वेगळे आणि उंचीवरून पाहणे वेगळे, हा फरक त्या माणसाने एका वाक्यात सांगितला. पाठ वळवून समुद्राकडे पाहायला त्याला अकरा वर्षांनी सवड मिळाली.

त्याच दिवशी बागेतली झुडपे कातरणाऱ्या एका माळ्याशी बोलणे झाले. मी विचारले, "मामा, आज रविवारी तुम्ही कामावर?" ते हसून म्हणाले, "रविवारी तुमी येता, मग आमी कसं जायचं? आमची सुट्टी दुसऱ्या वारी." हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सर्वांना रविवारच मिळावा असा आमचा हट्ट नाही. कंडक्टर, नर्स, माळी यांना दुसरा वार चालेल. पण सातांतला एक दिवस त्याचा स्वतःचा असावा आणि तो अगोदर माहीत असावा, एवढेच म्हणणे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा हक्क दिला होता. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत आमच्या दृष्टीने वाद घालण्यासारखे पुष्कळ आहे. पण आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम करवून घेऊ नये, हे तत्त्व त्यांनाही मान्य करावे लागले आहे. कागदावर आहे. कागदावरून ते माणसाच्या हातात यायचे, तर त्यासाठी १८८४ सारख्या सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतील.

दिवस मिळाला तरी जागा उरली पाहिजे, ही दुसरी बाजू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या एकेक करून बंद झाल्या. मुंबईच्या मध्यावर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीत तिच्यासाठी एक तोडगा होता. साधारण एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक वाटा सार्वजनिक घरांसाठी, एक वाटा मालकाला. म्हणजे गिरणगावात दोनएकशे एकर बागा आणि मैदाने होण्याची शक्यता होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीचीच करायची, इमारती उभ्या होत्या त्या जागेची नाही, असे ठरले. न्यायालयात भांडण झाले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. मोकळी जागा आटून थोडकी राहिली. जिथे लोकांच्या मुलांनी चेंडू खेळायचा, तिथे काचेचे मनोरे उभे आहेत.

याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवतो. २०२३ साली मलबार टेकडीवरची ती जुनी टाकी पाडून नवी बांधण्याची महापालिकेची योजना होती. त्यासाठी शेकडो झाडे जाणार होती आणि बाग अनेक वर्षे बंद राहणार होती. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, सह्या केल्या, तज्ज्ञांची समिती नेमायला लावली. शेवटी पाडण्याचा बेत मागे पडला आणि दुरुस्ती करण्याचे ठरले. झाडे वाचली. मला त्याचा आनंदच आहे, आणि त्या नागरिकांचे मी अभिनंदन करतो. पण मनात येते की टेकडीवरची बाग वाचली आणि गिरणगावची बाग जन्मालाच आली नाही, हा फरक का पडला? टेकडीवरच्या माणसांना सभेला जायला वेळ होता, निवेदन लिहायला वेळ होता, कचेरीत बसून राहायला वेळ होता. गिरणगावचा माणूस त्या वर्षांत दुसरी नोकरी शोधत होता. सवड ही चैनीची वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी या दोन हकिकती शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्याला सवड आहे त्याचीच बाग टिकते.

२०२५ च्या मार्चअखेर त्या टेकडीवर नवी सोय झाली आहे. सिरी रोडच्या बाजूने झाडीतून जाणारी, ४८५ मीटर लांबीची लाकडी उन्नत वाट महापालिकेने बांधली. दोन्ही बाजूंना झाडांचे शेंडे, पक्षी, आणि एका ठिकाणी समुद्र दिसणारा सज्जा. ती सुरू झाली तेव्हा भारतीयांना २५ रुपये तिकीट ठेवले होते आणि मोबाईलवरून आधी वेळ नोंदवायची होती. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत वेळ ठेवली, हे चांगले केले. बारा तासांच्या पाळीचा माणूसही पहाटे जाऊ शकेल. अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या 'मुंबईच्या लावणी'त मलबार हिलची श्रीमंती आणि कष्टकऱ्यांची वस्ती समोरासमोर मांडली होती. आता त्या टेकडीच्या झाडीत कष्टकऱ्याला पाय ठेवायला वाट झाली आहे. ती त्याने वापरली पाहिजे.

मंडळी, तुम्ही म्हणाल, मुंबईच्या टेकडीशी माकणीचा संबंध काय? संबंध असा. दसरा-दिवाळीला आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस काम चुकले की त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. बाई आजारी असो, मूल तापाने फणफणत असो, खाडा तो खाडाच. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचे. पाच-सहा महिन्यांत हक्काची म्हणावी अशी एक सुट्टी नाही. लोखंड्यांनी रविवार मिळवला त्याला शंभरांवर पस्तीस वर्षे झाली, आणि आपल्या शेजारच्या माणसाला अजून विश्रांतीसाठी दंड भरावा लागतो. गिरणी कामगाराला १८८४ साली सुट्टी नव्हती, पण सुट्टी घेतल्याचा असा हिशेब उचलीच्या वहीत पुढच्या हंगामावर चढत नव्हता. या बाबतीत आपण मागे आहोत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

म्हणून तुमच्यापुढे माझ्या दोन सूचना आहेत. त्या मोठ्या नाहीत. पहिली, आपल्या गावात जो कोणी माणूस कामाला ठेवतो, मग ते दुकान असो, हॉटेल असो, वीटभट्टी असो, शेतावरचा सालगडी असो, त्याने आठवड्याचा एक दिवस पगारासह त्या माणसाला द्यावा. कायद्याची वाट पाहू नये. टोळ्यांचे करार होतील तेव्हा खाड्याच्या दंडाचे कलम काढून टाका, असे गावाने मुकादमाला एकमुखाने सांगावे. एकटा मजूर हे बोलू शकत नाही. गाव बोलू शकते.

दुसरी सूचना जागेची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने या पट्ट्याला काय दाखवले, हे मी तुम्हाला सांगू नये. त्या रात्रीनंतर या भागात नवी गावे वसली, तेव्हा अरुंद बोळांऐवजी रुंद रस्ते आखले गेले. मोकळी जागा जीव वाचवते, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. गावाजवळची एखादी उंच जागा, जिथून धरणाचे पाणी दिसते, ती कुणाच्या नावावर चढण्याआधी सर्वांसाठी राखून ठेवा. चार कडुलिंब, दोन चिंचा, बसायला दगडी ओटे आणि बायांना निर्धास्त बसता येईल असा एक दिवा. त्याला रत्नहार नको, बूट नको. कोटींचा खर्च नको. सूर्य तेरणेच्या पाण्यातही मावळतोच.

शेवटी या व्याख्यानमालेविषयी दोन शब्द. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचे अनुकरण गावोगावी झाले आणि आज आपण येथे जमलो आहोत. तुम्ही तास-दीड तास शांतपणे ऐकून घेतलेत. हा तास तुमच्या हातात कसा आला, याचा विचार करा. कुणाच्या तरी मागण्यांमुळे, सभांमुळे, सह्यांमुळे दिवसाचे तास कमी झाले, संध्याकाळ मोकळी झाली, म्हणून व्याख्यान ऐकणे शक्य झाले. मांडवाबाहेर चहाच्या गाड्यावर जो पोरगा कपबशा विसळतो आहे, त्याच्या हातात तो तास अजून आलेला नाही. पुढच्या वर्षी ही माला भरेल तेव्हा तो आत बसलेला असावा, एवढी व्यवस्था माकणीकरांनी करावी.